द्राक्षाचं क्रेट

तीन होती. डोळे नुकते उघडलेले,
चिखलात पडलेल्या कानटोपीएवढी.
लंकाबाईचा कोयता हवेतच थांबला
आणि तिनं हाक मारली ती आम्हाला नाही,
बांधावर झोळीत निजलेल्या स्वतःच्या पोराला :
हायेस का रं?

गोदाकाठची थंडी. निफाडचा पारा पाचावर.
बागाईतदार रात्रभर शेकोट्या पेटवून बसलेले,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
माझ्या मोबाइलवर दुपारपर्यंत एकोणीस फोन.
त्यातले अठरा एकच शब्द बोलले : पिंजरा.

पिंजरे आहेत आमच्याकडे. एकाचं दार गंजलंय.
चावडीवर मी सांगितलं,
मादी उचलून लांब सोडली
तर ह्याच उसात दुसरं जनावर येईल,
ज्याला वस्तीचा रस्ता, माणसांची वेळ,
काहीच ठाऊक नसेल.
कारभारी निरगुडे म्हणाले,
"साहेब, माझ्या कालवडीची वेळ हिला बरोबर ठाऊक होती."
मी गप्प.
त्या कालवडीच्या पंचनाम्याचा कागद
पंधरा दिवस माझ्याच पिशवीत होता.

संध्याकाळी क्रेट आणून दिलं ते त्यांनीच.
निळं, कोपऱ्यावर बागेचं नाव,
आत मागच्या हंगामाचा एक वाळका देठ.
"परत द्या," एवढंच बोलले.

लंकाबाईनं जागा दाखवली.
"हितंच. ईतभरबी सरकवू नका.
आई जिथं ठिवती, तिथंच हुडकती."

फड थांबला. ट्रॅक्टर रिकामा गेला.
मुकादम कुणाला तरी फोनवर शिव्या देत होता, बहुधा मला.

मी कोप्यांकडे गेलो, नेहमीचं पाठ झालेलं सांगायला :
एकट्यानं जाऊ नका, बॅटरी ठेवा,
मोबाइलवर गाणी लावा मोठ्यानं,
पोरं मधोमध निजवा, शेळ्या जाळीत कोंडा,
उष्टं-खरकटं टाकू नका, कुत्री येतात, मग ती येते.
आणि अंधारात वाकून बसू नका.
वाकलेलं माणूस तिला माणूस वाटत नाही.

लंकाबाई चुलीतली चिपाडं आत सारत म्हणाली,
"मग आमी दिसभर काय आसतो?"

पत्रकात ह्याचं उत्तर नव्हतं.
मी पत्रक घडी करून खिशात घातलं.

रात्री जीपमध्ये, काचा वर, दिवे बंद.
एक चाळीसला ती आली.
स्क्रीनवर राखाडी, चुन्याच्या डोळ्यांची.
क्रेटला नाक लावलं, पंजानं आडवं केलं,
एक उचललं.
अडीचला दुसरं.
मग कारखान्याचा भोंगा झाला, कोंबडे झाले,
तिसरं आडव्या क्रेटमध्ये स्वतःभोवती वळून तसंच.

तो दिवस मोठा गेला.
निरगुडे दोनदा बांधापर्यंत आले,
काही न विचारता परत फिरले.

दुसऱ्या रात्री गारठ्यानं कॅमेऱ्याची बॅटरी बसली.
म्हणजे जे झालं ते कुणी पाहिलं नाही.
उजाडता गेलो तर क्रेट रिकामं,
दवानं भिजलेलं, आणि ओल्या मातीत
लंकाबाईच्या कालच्या पावलात
एक पंजा, बरोबर टाचेवर.
तिनं नेलं असं मी वहीत लिहिलं.
तसंच असेल.

क्रेट द्यायला गेलो, सोबत तो कागद, सहीशिक्क्यासह.
निरगुडे गोठ्याला जाळी ठोकत होते.
"तिथं टाका," म्हणाले. खिळा तोंडात होता.
क्रेट धुतलं की नाही, त्यात ह्या वर्षी काय भरलं,
कुणाच्या ताटात गेलं, मला माहीत नाही.

फड दुसऱ्या टोकानं सुरू झाला.
परवा तिथून जाताना पाहिलं :
प्रत्येक नव्या सरीच्या तोंडाशी लंकाबाई
कमरेवर हात ठेवून पूर्ण उभी राहते,
उसाला मोठ्यानं सांगते,
"आलो गं. माणसं हाओत."

मग वाकते.